चौकटीची वही आणि 'का?' : वाचकांचे गणितावरचे प्रश्न

या वेळच्या टपालात परीक्षेचं गणित कुणीच विचारलेलं नाही. सगळ्यांना गणित आवडीनं वाचायचं आहे आणि सगळे कुठे ना कुठे अडले आहेत. उत्तरं वाचताना वही-पेन्सिल हाताशी असू द्या. नुसती नजर फिरवलीत तर यातलं निम्मं निसटेल.

प्रश्न : शाळा सुटून तीस वर्षं झाली. आता मार्कांची भीती नाही. गणितात लोकांना जे सुंदर वाटतं ते मला एकदा पाहायचं आहे. सुरुवात कशानं करू? बीजगणित पुन्हा शिकावं लागेल का?

उत्तर : सुरुवातीला नाही लागणार. सातवीपर्यंतचं गणित पुरे. फक्त वेग कमी करायची तयारी हवी.

विषम संख्यांची बेरीज घ्या. १; १ + ३ = ४; १ + ३ + ५ = ९; १ + ३ + ५ + ७ = १६. पुढे ९ मिळवले की २५. दरवेळी वर्गसंख्याच येते. बहुतेक वाचक इथे 'अरे वा' म्हणतात आणि पान उलटतात. खरी मजा इथून सुरू होते, म्हणून पान उलटू नका.

चौकटीच्या वहीत, पानाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातली एक चौकट रंगवा. तिच्या उजवीकडची एक, खालची एक आणि तिरकी एक अशा ३ चौकटी दुसऱ्या रंगानं भरा. २ × २ चा चौरस झाला. आता त्याला उजवीकडून आणि खालून काटकोनी पट्टी लावा : उजवीकडे २, खाली २, कोपऱ्यात १, एकूण ५. झाला ३ × ३. पुढच्या पट्टीत ३, ३ आणि १, म्हणजे ७. पट्टीचे दोन्ही हात दरवेळी एकेका चौकटीनं वाढतात आणि कोपरा एकच राहतो, म्हणून प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा बरोबर २ नं मोठी. विषम संख्याही दोन-दोननंच वाढतात. आता पहिल्या १०० विषम संख्यांची बेरीज १०,००० आहे हे सांगायला एकही बेरीज करावी लागत नाही, आणि ते कायम तसंच असणार याबद्दल शंकाही उरत नाही.

इथे एक चूक हमखास होते. १ ते ९९ मधल्या विषम संख्यांची बेरीज ९९ चा वर्ग नव्हे. त्या संख्या ५० आहेत, तेव्हा बेरीज ५० चा वर्ग, २,५००. शेवटची संख्या कोणती हे न पाहता संख्या किती आहेत ते मोजायचं.

याच वहीत पुढचा घास घ्या. १ + ८ + २७ = ३६, म्हणजे (१ + २ + ३) चा वर्ग. १ + ८ + २७ + ६४ = १००, म्हणजे (१ + २ + ३ + ४) चा वर्ग. हेही काटकोनी पट्ट्यांनीच दिसतं. ३ × ३ चा चौरस ६ × ६ करणारी पट्टी ३ × ३ च्या बरोबर तीन चौरसांची असते, म्हणजे २७ चौकटी. २ आणि ४ च्या पट्ट्यांत मात्र एक चौरस मधोमध कापून दोन हातांना अर्धा-अर्धा वाटावा लागतो. तिथे अडलात तर चौरस वेगळ्या कागदातून कापून ठेवून बघा. एका संध्याकाळी एवढंच करा, जास्त नको.

प्रश्न : कापरेकर स्थिरांकाबद्दल वाचलं. चार अंकी संख्या घ्यायची, अंकांच्या उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करायचा, पुन्हा तेच करत राहायचं. शेवटी ६१७४ येतो म्हणतात. मी २१११ घेतली. २१११ − १११२ = ९९९. मग ९९९ − ९९९ = ०. खेळ खलास. नियम चुकीचा आहे का?

उत्तर : नियम बरोबर आहे, तुमचं एक शून्य गळलं. हा खेळ चार अंकांचा आहे, म्हणून ९९९ आले की ०९९९ लिहायचे. मग ९९९० − ०९९९ = ८९९१; ९९८१ − १८९९ = ८०८२; ८८२० − ०२८८ = ८५३२; ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ७६४१ − १४६७ = ६१७४, म्हणजे संख्या तिथेच थांबते. चारही अंक सारखे नसले की जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत ६१७४ गाठला जातो. शाळेत शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांना हे १९४९ मध्ये सापडलं.

आता 'का?' कडे येऊ. अंक मोठ्याकडून लहानाकडे क, ख, ग, घ असे माना. वजाबाकी मांडून पाहिली की उत्तर येतं :

९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग)

म्हणजे चारही अंक वेगवेगळे लक्षात ठेवायची गरजच नाही. बाहेरच्या दोन अंकांमधलं अंतर आणि आतल्या दोन अंकांमधलं अंतर, एवढ्या दोनच गोष्टी उत्तर ठरवतात. बाहेरचं अंतर १ ते ९. आतलं अंतर ० पासून बाहेरच्या अंतराएवढं. जोड्या मोजा : २ + ३ + ४ + … + १० = ५४. सारख्या अंकांच्या १० सोडल्या तर ०००१ पासून ९९९८ पर्यंत ९,९९० सुरुवाती शक्य आहेत, आणि पहिल्याच वजाबाकीनंतर त्या सगळ्या ५४ संख्यांत येऊन बसतात. त्यातल्याही बऱ्याच एकमेकींचे अंक उलटसुलट केलेल्या आहेत. त्यामुळे 'प्रत्येक संख्या ६१७४ ला पोहोचते' हे विधान संगणकाशिवाय, एका दुपारी, वहीच्या दोन पानांवर पूर्ण तपासता येतं. ६१७४ साठी अंतरं ६ आणि २ : ५,९९४ + १८० = ६,१७४.

याच सूत्रातून चूक पकडायचं साधनही मिळतं. ९९९ आणि ९० दोन्ही ९ च्या पटीत आहेत, म्हणून प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीत आलीच पाहिजे. ८०८२ चे १८, ८९९१ चे २७. तसं आलं नाही तर वजाबाकीत हातचा चुकला आहे.

६१७४ ला गूढ शक्ती मात्र चिकटवू नका. तीन अंकांना ४९५ मिळते. पण दोन अंकांत ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९ असं चक्र फिरत राहतं, आणि पाच अंकांतही अशी एकच मुक्कामाची संख्या नाही. ५३९५५ आणि ५९९९४ तर एकमेकींकडे चेंडू टोलवत बसतात, करून बघा. हा सगळा आपल्या दशमान लेखनाचा परिणाम आहे. आमच्या मते खरी दाद द्यायची ती ९,९९० चा पसारा ५४ वर आणणाऱ्या त्या एका ओळीला.

प्रश्न : एखादी गोष्ट पाच-दहा वेळा तपासली आणि जुळली, तरी गणितातले लोक 'सिद्ध करा' म्हणून अडून बसतात. एवढा हट्ट कशासाठी?

उत्तर : डब्याचं झाकण ठेवून एक मोठं वर्तुळ काढा. परिघावर बिंदू घ्या, प्रत्येक बिंदू बाकीच्या प्रत्येक बिंदूला सरळ रेषेनं जोडा आणि वर्तुळाचे किती भाग झाले ते मोजा. एका बिंदूला १ भाग. दोनाला २. तिनाला ४, चाराला ८, पाचाला १६. सहा बिंदूंना ३२ येणार यावर कुणीही पैज लावेल. येतात ३१.

मोजताना दोन गोष्टी सांभाळा. मोजलेल्या प्रत्येक भागात आकडा लिहा, नाहीतर एखादा दोनदा मोजला जातो. आणि सहा बिंदू समान अंतरावर घेऊ नका. नियमित षट्कोनाचे तीन मोठे कर्ण मध्यभागी एकाच बिंदूतून जातात, तिथला चिमुकला त्रिकोण नाहीसा होतो आणि मोजणी ३० वर येते. बिंदू थोडे वेडेवाकडे घेतले की तो त्रिकोण उघडतो.

३१ कुठून आले? रेषा एकेक करून काढतो आहोत असं समजा. नवी रेषा कशालाच छेदत नसेल तर एक भाग वाढतो. वाटेत जितक्या रेषा छेदेल तितके आणखी भाग वाढतात. म्हणून एकूण भाग = १ + रेषा + छेदनबिंदू. सहा बिंदूंच्या रेषा १५. परिघावरचे कोणतेही ४ बिंदू निवडले की एक चौकोन होतो आणि त्याचे कर्ण आत एकदाच छेदतात. सहातून चार बिंदू निवडायचे १५ प्रकार, म्हणून छेदनबिंदू १५. १ + १५ + १५ = ३१. पाच बिंदूंना १ + १० + ५ = १६ येतात ते याच हिशेबानं, दुपटीचा तिथे काही संबंध नव्हता. सातला ५७ येतात, ६४ नव्हे. दहाला १ + ४५ + २१० = २५६. ही संख्या पुन्हा दुपटीच्या रांगेतली आहे, पण दुपटीच्या नियमानं तिथे ५१२ यायला हवे होते!

अशा फसव्या रांगा पुष्कळ आहेत. एखाद्या संख्येचा वर्ग, अधिक तीच संख्या, अधिक ४१, हे ऑयलरचं सूत्र ० पासून ३९ पर्यंत सलग चाळीस मूळ संख्या देतं. ४० ला मात्र १,६८१ येतात, म्हणजे ४१ × ४१. आणि १९१९ मध्ये जॉर्ज पोल्या यांनी मांडलेली एक अटकळ पाहा. एखाद्या मर्यादेपर्यंतच्या प्रत्येक संख्येचे मूळ अवयव मोजले (पुन्हा आलेला पुन्हा मोजायचा), तर निम्म्या किंवा त्याहून जास्त संख्यांत ती मोजणी विषम येते, असं त्यांना दिसलं होतं. ही अटकळ पहिल्यांदा मोडते ती ९०,६१,५०,२५७ पाशी. तोवर तपासणारा माणूस नव्वद कोटी वेळा 'जुळलं' म्हणाला असता.

प्रश्न : मूळ संख्या अनंत आहेत, ही युक्लिडची सिद्धता तीनदा वाचली. सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करून १ मिळवायचा, मग नवी मूळ संख्या मिळते. पण २ × ३ × ५ × ७ × ११ × १३ + १ = ३०,०३१, आणि ती तर ५९ × ५०९ निघाली. सिद्धता चुकली की मी?

उत्तर : ही गफलत होण्याचं कारण समजण्यासारखं आहे. ओळीनं करून पाहिलं तर ३, ७, ३१, २११, २,३११ या पाचही मूळ संख्याच येतात, त्यामुळे 'गुणाकार अधिक एक म्हणजे मूळ संख्या' असं मनात पक्कं बसतं. युक्लिड तसं म्हणतच नाही. त्याचं म्हणणं एवढंच : ३०,०३१ ला २, ३, ५, ७, ११, १३ पैकी कशानंही भागलं तरी बाकी १ उरते. १ हून मोठ्या प्रत्येक संख्येला एखादा तरी मूळ विभाजक असतो. तेव्हा ३०,०३१ चा जो कोणता मूळ विभाजक असेल तो यादीबाहेरचा असणार. ५९ आणि ५०९ यादीत नव्हत्याच. तुमचं उदाहरण सिद्धतेला धरूनच आहे.

यादी सगळ्यात लहान संख्यांची असावी लागते असंही नाही. ३ आणि ५ एवढीच यादी घ्या : १६, त्यातून २ मिळाला. २ आणि ७ घ्या : १५, त्यातून ३ आणि ५ मिळाले. असं दोन-तीन याद्यांवर करून मग सिद्धता पुन्हा वाचा, धुकं बरंच निवळलेलं असेल.

सिद्धता वाचायची आमची पद्धत सांगतो. पहिल्या ओळीखाली कोरा कागद ठेवा आणि एकेक ओळ उघडा. प्रत्येक ओळीपाशी एकच प्रश्न विचारा : ही कुठल्या आधीच्या ओळीवरून आली? उत्तर सापडलं नाही तर समासात खूण करा आणि लहान संख्या घालून बघा. चिन्हं मोठ्यानं शब्दांत वाचा. चिन्हांवरून डोळा घसरतो, पण तेच शब्दांत म्हणायला गेलं की जीभ अडखळते आणि न कळलेली जागा लगेच सापडते. एक पान वाचायला अर्धा-पाऊण तास लागला तर तो योग्यच वेग आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेल्या विक्रमी मूळ संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. तिच्याहून मोठी मूळ संख्या आहेच, हे सुमारे २,३०० वर्षांपूर्वीच्या या चार ओळी सांगून गेल्या आहेत.

प्रश्न : ०.९९९… हे १ च्या बरोबर कसं? किंचित तरी कमी असायला हवं.

उत्तर : किती कमी, ते सांगून बघा. ०.००१ नं कमी म्हणाल तर चौथा ९ लिहिताच तफावत त्याहून लहान होते. कोणतीही तफावत सांगा, तिचं असंच होतं. ज्यांच्यात कसलीच तफावत दाखवता येत नाही त्या दोन संख्या एकच. टिंबांचा अर्थ 'अजून लिहिणं चालू आहे' असा घेतला की गोंधळ होतो. नऊ कुठेही थांबले तर संख्या १ हून कमीच राहते, पण इथे ते थांबलेलेच नाहीत. एक तृतीयांश म्हणजे ०.३३३… हे आपण मुकाट मान्य करतो. त्याला ३ नं गुणा.

प्रश्न : १, २, ३, ५, ८, १३… ही फिबोनाची संख्यांची रांग शंखात, फुलांत, चेहऱ्यात, इमारतींत सगळीकडे असते असं वाचतो. यात खरं किती?

उत्तर : काही पक्कं खरं आहे आणि बरंच ओढूनताणून आणलेलं.

पक्क्यापासून सुरुवात करू. लघु अक्षराची १ मात्रा, गुरूच्या २. चार मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? लललल, ललग, लगल, गलल, गग : पाच. तीन मात्रांची तीन प्रकारे, दोनची दोन प्रकारे. पाच मात्रांसाठी सगळं पुन्हा लिहू नका. ओळ लघूनं संपली तर आधी ४ मात्रा उरतात, म्हणजे ५ प्रकार. गुरूनं संपली तर ३ मात्रा उरतात, म्हणजे ३ प्रकार. एकूण ८. प्रत्येक संख्या आधीच्या दोहोंची बेरीज का, त्याचं कारण इथे उघडं दिसतं. छंदशास्त्रातली ही मोजणी हेमचंद्रांनी १२व्या शतकात मांडली आणि त्यांच्या आधी विरहांकांनी. फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा.

सूर्यफूलही खरं. नवी बी आधीच्या बीपासून साधारण १३७.५ अंशांवर उगवते. हा कोन ९० असता तर बिया चार सरळ रांगांत बसल्या असत्या आणि मध्ये जागा वाया गेली असती. १३७.५ अंश सुवर्ण गुणोत्तरातून (१.६१८…; रांगेतल्या संख्येला आधीच्या संख्येनं भागत गेलं की उत्तर याच्याजवळ येत जातं) येतो, आणि ते गुणोत्तर साध्या अपूर्णांकांच्या जवळ जायला सगळ्यात नाखूश असतं, म्हणून बिया रांगेत येत नाहीत आणि दाट भरतात. वळणं मोजायची तर फुलाचा फोटो मोठा छापा, एका वळणावर जाड रेघ ओढा आणि तिथून एकाच दिशेनं मोजत परत या. मग उलट दिशेची वळणं दुसऱ्या रंगानं. ३४ आणि ५५ किंवा ५५ आणि ८९ येतात. मधल्या भागात आणि काठावर आकडे वेगळे असतात, तेव्हा मोजणी केंद्रापासून एकाच अंतरावर करायची. काही फुलं या रांगेबाहेरचे आकडेही देतात. ते आले तर खोडू नका.

शंखाचं मात्र खरं नाही. सुवर्ण सर्पिल, म्हणजे दर पाव फेऱ्याला १.६१८ पट रुंदावणारं वळण, एका पूर्ण फेऱ्यात ६.८५ पट रुंदावतं (१.६१८ चा चौथा घात), तर नॉटिलस या समुद्री जीवाचा शंख साधारण तिप्पट. चेहरा आणि इमारतींत कुठून कुठे मोजायचं ते मोजणाराच ठरवतो. पुरेशी मापं घेतली की १.६ च्या आसपासचं एखादं गुणोत्तर कशातही सापडतं.

प्रश्न : हे सगळं जुनं झालं. आमच्यासारख्याला कळेल असं नवं काही आता सापडतं का?

उत्तर : सापडतं, आणि कात्रीनं कापून पाहता येतं. फरश्यांचा प्रश्न घ्या. एकाच नियमित आकारानं जमीन भरायची तर एका बिंदूभोवतीच्या कोनांची बेरीज ३६० अंश व्हायला हवी. त्रिकोणाचे ६०, चौरसाचे ९०, षट्कोनाचे १२० अंश बसतात. पंचकोनाचे १०८ बसत नाहीत : तीन ठेवले तर ३६ अंशांची फट, चौथा मावत नाही. आकार नियमित नसला तरी चालेल, पण त्यानं जमीन कशीही भरली तरी मांडणीची नक्षी सरकवून स्वतःवरच बसवता येता कामा नये, असा हट्ट धरला तर? १९७०च्या दशकात रॉजर पेनरोज यांनी दोन आकारांत ते साधलं. एकाच आकारात साधेल का, हे पुढची अनेक दशकं अनुत्तरित राहिलं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये डेव्हिड स्मिथ यांना तो आकार सापडला. ते छपाईच्या कामातून निवृत्त झालेले, आकारांचा छंद असलेले गृहस्थ. तीन अभ्यासकांबरोबर त्यांनी २०२३ मध्ये सिद्धता मांडली. १३ बाजूंच्या या आकाराला 'टोपी' म्हणतात. षट्कोनांच्या जाळीत प्रत्येक षट्कोनाचं केंद्र बाजूंच्या मध्यबिंदूंना जोडलं की ६ पतंगाकृती होतात; अशा ८ पतंगाकृती मिळून एक टोपी.

एका बाजूला रंग असलेला जाड कागद घ्या. एक टोपी नीट कापा आणि तिच्याभोवती रेघ मारून बाकीच्या कापा. प्रत्येक नवी टोपी आधीच्या नव्या टोपीवरून काढली तर चूक वाढत जाते आणि विसाव्या तुकड्यापासून फटी पडतात, म्हणून साचा शेवटपर्यंत पहिलाच ठेवा. सगळ्या रंगीत बाजूनं लावत गेलात तर मांडणी अडेल, कारण काही टोप्या पालथ्या घालाव्याच लागतात. पालथ्या न घालता चालणारा भाऊबंद आकार याच चौघांनी मे २०२३ मध्ये दिला. टोपीच्या मांडणीत सरळ आणि पालथ्या तुकड्यांचं प्रमाण, मांडणी पसरत जाईल तसं, ६.८५ ला १ कडे झुकतं. सुवर्ण गुणोत्तराचा हा चौथा घात, शंखाच्या उत्तरात आलेलाच आकडा. ७० तुकडे कापलेत तर साधारण ९ पालथे लागतील.